गालाआडची दाढ

आमच्या आत्याला कुणी नवं भांडं दिलं, तर ती आधी ते उजेडात धरून बुडाला भोक नाही ना, ते बघते. दूध तापवण्याआधी हुंगते, तापल्यावर हुंगते, आणि तरीही पहिला चहा आतोबांना देते. आतोबा म्हणजे तिचे यजमान. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. "पृथ्वी गोल आहे हे हिनं अजून मानलेलं नाही," ते सांगतात, "माझी नोकरी जाईल म्हणून गप्प होती इतकंच."

पण याच स्वभावावर तिनं नाव कमावलं. ती दातांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात शिकवते, आणि दाताच्या कामात संशयी माणूस सोन्यासारखा. कीड सगळी निघाली असं वाटतं, तेव्हा ती कडेला कुठेतरी दडून बसलेली असते. आत्या म्हणायची, "निघाली असं वाटलं ना? मग आता बघायला सुरुवात करा."

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबट दालन होतं. बाकांच्या रांगा, आणि प्रत्येक बाकाला दांड्यावर बसवलेलं एक खोटं डोकं. लोखंडी जबडे, रबरी गाल, नाक नावालाच. मुलं त्यांना मुंडकी म्हणायची. मुंडक्यांच्या जबड्यात प्लास्टिकचे दात बसवायचे आणि ड्रिलनं कोरायला शिकायचं. खालचे दात सोपे, ते समोर दिसतात. खरी परीक्षा वरच्या शेवटच्या दाढेची. ती गालाच्या आड, टाळूच्या कडेला अशी बसलेली असते, की थेट बघायला गेलं तर दिसत नाही. तोंडात इवलासा आरसा धरायचा, त्यात बघायचं आणि हात चालवायचा. आरशात पुढचं मागे होतं, मागचं पुढे. पहिले काही महिने मुलांची मती गुंग होते. कुणी मान वाकडी करून खाली डोकावायला लागलं, की आत्या मागून येऊन दोन बोटांनी त्याचं डोकं सरळ करायची. "आरशात बघ. मान मोडली तर दुसरी मिळत नाही, दात मिळतो." त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तिचं नाव आरसाबाई.

पुढचं सगळं मी थोडं तिच्याकडून, थोडं आतोबांकडून आणि बरंचसं नंतर, जिची ही गोष्ट आहे त्या मुलीकडून ऐकलं आहे.

एका सत्राच्या सुरुवातीला आत्या दालनात गेली, तर निम्मी मुंडकी गायब. त्यांच्या जागी करड्या रंगाची यंत्रं उभी होती. प्रत्येक यंत्राला डोळ्यांवर चढवायचा जाडजूड गॉगल, ड्रिलसाठी पेनासारखी एक मूठ, आरशासाठी दुसरी, आणि बाजूला छोटा पडदा. गॉगल चढवला की समोर पेशंट दिसतो, तोंड उघडून आडवा पडलेला. पेन हलवलं की तोंडातलं ड्रिल हलतं. दाताला टेकलं की पेन हातात अडतं, कडक भाग कडक लागतो, किडलेला मऊ लागतो. काम झालं की यंत्रच गुण देतं.

कंपनीचा माणूस आला होता. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. "मॅडम, आता प्लास्टिकचे दात वाया जाणार नाहीत. मुलं हवे तितक्या वेळा चुकू शकतील."

"चुकायला शिकवायचंय का आपल्याला?" आत्यानं विचारलं. "आणि हे गुण कोण देतं?"

"यंत्र देतं."

"यंत्राला कुणी शिकवलं?"

"तज्ज्ञांनी."

"त्यांची नावं?"

माणूस हसला. आत्याच्या मनात पाल चुकचुकली. इतका गोड हसणारा माणूस तिनं आजवर फक्त मध विकताना पाहिला होता, आणि तो मध साखरेचा निघाला होता.

सगळ्यांच्या देखत तिला पहिली संधी दिली गेली. तिनं गॉगल चढवला, पाठ ताठ ठेवली, डाव्या हातात आरसा धरला आणि वरची दाढ कोरली. यंत्रानं एकसष्ट गुण दिले आणि खाली लिहिलं, 'दाब जास्त.' मागे कुणीतरी खुदकन हसलं. आत्यानं गॉगल काढला, कंपनीच्या माणसाच्या हातात ठेवला आणि सरळ चहा प्यायला निघून गेली. घरी आल्यावर आतोबांना म्हणाली, "कुठेतरी पाणी मुरतंय."

"एकसष्ट म्हणजे पहिला वर्ग आहे," आतोबा म्हणाले. त्या रात्री त्यांना जेवण स्वतः वाढून घ्यावं लागलं.

त्या वर्गात एक मुलगी होती, जिला सगळे कासव म्हणायचे. बोलणं हळू, चालणं हळू, कुणी हाक मारली की मान खांद्यात घ्यायची. तिच्यासोबत कायम एक उंच मुलगा असायचा. तो अर्थातच जिराफ. सत्राच्या सुरुवातीला, उरलेल्या मुंडक्यांवर, कासवानं वरची दाढ कोरली होती. दाढेची पार चाळण झाली होती आणि शेजारचा धडधाकट दातही खरवडला गेला होता. आत्यानं तो दात काढून वर धरला आणि सगळ्या वर्गाला दाखवला. "हे काम डॉक्टरचं आहे की उंदराचं?" वर्ग हसला. मुलगी हसली नाही.

आणि महिनाभरात यंत्रांजवळच्या गुणांच्या फळ्यावर तीच मुलगी पहिली. पुढच्या आठवड्यातही पहिली. त्र्याण्णव, पंच्याण्णव. फळ्यावर कुणीतरी लिहिलं, 'कासव जिंकलं.'

आत्याचा विश्वास बसेना. हात असा एका महिन्यात बदलत नाही. तिला वाटलं, हे काम कासवाचं नाही, जिराफाचं आहे. यंत्रांच्या बाजूला दिवे मंद ठेवलेले असायचे आणि गॉगल चढवला की सगळे चेहरे सारखेच. कोण कुठल्या खुर्चीत आहे ते कोण बघतंय? हजेरी एकाची, हात दुसऱ्याचा.

मग तिनं पाळत ठेवायला सुरुवात केली. दाराच्या काचेतून बघायची. अवेळी आत शिरायची. आतली तऱ्हा बघून तिला वैताग यायचा. कुणी मान हवेत खुपसून बसलंय, कुणी इतकं वाकलंय की नाक गुडघ्याला टेकावं, जणू सगळा वर्ग हरवलेली अंगठी शोधतोय. "हे असं बसायचं असतं?" तिनं कंपनीच्या माणसाला विचारलं. "गॉगलमध्ये शरीराचं भान राहत नाही मॅडम, हळूहळू सवय होते," तो म्हणाला. आत्यानं ते उत्तरही संशयितांच्या रांगेत उभं केलं.

एकदा काम भर रंगात असताना तिनं दार ढकललं आणि मोठ्यानं म्हणाली, "सगळ्यांनी गॉगल काढा. आत्ताच्या आत्ता." सगळे दचकले. एकाच्या हातून पेन सुटलं. गॉगल उतरले. कासव कासवाच्याच खुर्चीत होतं, डोळे चोळत. जिराफ त्या दिवशी कॉलेजातच नव्हता.

दुसरा कुणी ओशाळला असता. आत्या ओशाळली नाही, तिनं फक्त संशयाची दिशा बदलली. मुलगी स्वतःच करते आहे, म्हणजे तिचं यंत्रच सोपं करून ठेवलेलं असणार. कुणी? कंपनीच्या माणसानं. का? त्याचंही उत्तर लवकरच भिंतीवर लागलं. प्राचार्यांनी बाहेरच्या कॉलेजांतले पाहुणे बोलावले होते, नवी सोय दाखवायला. त्या समारंभाच्या मोठ्या चित्रफलकावर गॉगल घातलेल्या कासवाचा फोटो होता. मुलीचं प्रात्यक्षिकही ठेवलं होतं. आणि प्राचार्यांनी शिक्षकांच्या बैठकीत जाहीर केलं, की या वर्षापासून ज्यांचे यंत्रावर ऐंशीच्या वर गुण, त्यांना मुंडक्यांवर घासत बसायची गरज नाही. त्यांनी थेट खालच्या मजल्यावर, खऱ्या पेशंटकडे जायचं.

"सर, यंत्रावर माझा विश्वास नाही," आत्या म्हणाली.

प्राचार्य कधीकाळी तिचेच विद्यार्थी होते. ते हसून म्हणाले, "मॅडम, तुमचा विश्वास तुमच्या घड्याळावर तरी आहे का?" सगळे हसले. हसतील त्यांचे दात दिसतील, असं आत्या मनात म्हणाली आणि उठली. तिनं थेट मुलीला आपल्या खोलीत बोलावलं.

"खरं सांग," ती म्हणाली. "तुझं यंत्र कुणी सोपं करून दिलंय?"

मुलीची मान खांद्यात गेली. मग एकाएकी बाहेर आली.

"मॅडम, तुम्ही रोज दारातून माझ्या पाठीकडे बघता. एकदा तरी मी काय बघते ते बघा ना."

हा आवाज आत्यानं कधी ऐकला नव्हता. दोघी दालनात गेल्या. आत्यानं मुद्दाम दुसरंच यंत्र निवडलं, भलत्याच रांगेतलं. मुलीनं गॉगल चढवला. यंत्राच्या बाजूचा छोटा पडदा आत्यानं पहिल्यांदाच नीट बघितला. इतकी वर्षं ती मुलांचे हात बघत आली होती, पडदा बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं.

पडद्यावर आधी पेशंटचा चेहरा होता. मग चेहरा जवळ आला. मग गाल आला, गालाचा रंग पडदाभर पसरला आणि फाटल्यासारखा नाहीसा झाला. पुढच्या क्षणी समोर वरची दाढ होती, खालून बघितलेली, दिवा लावल्यासारखी लख्ख, अख्खीच्या अख्खी. आत्यानं मुलीकडे बघितलं. ती खुर्चीत तिरपी होऊन मान उलटी टाकून बसली होती, डोकं जवळजवळ बाकाखाली.

"तू आत्ता कुठे आहेस?" आत्यानं विचारलं.

"तोंडात."

"कुणाच्या?"

"पेशंटच्या. गालातून आत आलं की दाढ सरळ दिसते मॅडम. आरसा लागत नाही."

"आणि पेशंट?"

"तो काही म्हणत नाही."

मुलीनं दाढ कोरली. देखणं काम होतं, कडा स्वच्छ, तळ सपाट. पंच्याण्णव. आत्या बाजूच्या खुर्चीत बसली. फसवणूक नव्हती. यंत्र फक्त दात तपासत होतं, आणि गाल म्हणजे नुसतं चित्र होतं. हे ज्याला त्याला आपोआप सापडलं होतं, सगळा वर्ग थोडाफार तेच करत होता. कासवाला आरशाची सगळ्यांत जास्त भीती, म्हणून ती सगळ्यांत आत शिरली होती.

"हे चूक आहे, हे तुला कळत नाही?"

"मला वाटलं, हे नवीन तंत्र असेल," मुलगी म्हणाली. "सगळे शाबासकी देत होते." मग गॉगल काढून हळूच म्हणाली, "मॅडम, समारंभात मला हे सगळ्यांसमोर करायला लावू नका. तुम्ही मध्येच काहीतरी विचाराल. आणि सगळे हसतील."

आत्याला तो वर धरलेला प्लास्टिकचा दात आठवला. खरं तर तिच्या हातात हुकमाचं पान आलं होतं. पाहुण्यांसमोर मुलीला बसवायचं, पडदा मोठा करायचा, आणि ती गालातून आत शिरली की बोट दाखवायचं. प्राचार्यांचा बेत तिथल्या तिथे कोसळला असता.

"त्या दिवशी तू आजारी पड," आत्या म्हणाली.

"खोटं सांगू?"

"दात दुखतोय म्हण. सगळे दातांचेच डॉक्टर आहेत, त्यामुळे कुणीही तपासणार नाही."

समारंभाच्या दिवशी पाहुणे जमले, कासव आलं नाही. प्राचार्य इकडे तिकडे बघायला लागले. आत्या उठली. "मी करून दाखवते." प्राचार्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. आरसाबाई स्वतः गॉगल घालणार, याहून मोठी जाहिरात कोणती?

आत्यानं गॉगल चढवला. आणि मग ज्या बाईनं तीस वर्षं दुसऱ्यांच्या माना सरळ केल्या, ती बाई पांढऱ्या कोटात, भर सभेत, खुर्चीवरून घसरत घसरत बाकाखाली गेली. चष्मा आधीच काढून ठेवला होता, केस सुटले, एक चप्पल पायातून निसटली. पाहुणे आ वासून बघत राहिले. तशा अवस्थेत हाताला जोर लावायला जागाच नव्हती. काही वेळानं यंत्रानं आवाज दिला. शहाण्णव. टाळ्या झाल्या.

आत्या धापा टाकत वर आली. "टाळ्या थांबवा," ती म्हणाली. "मी आत्ता माझं अख्खं डोकं पेशंटच्या गालातून आत घातलं होतं. मी नीट बसून, आरशात बघून काम केलं तेव्हा याच यंत्रानं मला एकसष्ट दिले होते." मग रिकाम्या खुर्चीकडे हात करून म्हणाली, "सर, या. आडवे व्हा. हेच तुमच्या तोंडात करून दाखवते."

पाहुण्यांमधली एक वयस्कर बाई इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. प्राचार्यांची मात्र दातखीळ बसली. आत्या कंपनीच्या माणसाकडे वळली. इतक्या दिवसांचा राग तिनं याच क्षणासाठी राखून ठेवला होता.

"तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं मॅडम," तो म्हणाला. पहिल्यांदाच तो हसत नव्हता. "गाल चालू करायची सोय आहे. पहिल्या दिवसापासून आहे. डोकं गालाला लागलं की समोर अंधार होतो."

"मग ती बंद कुणी केली?"

त्यानं फक्त प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्य आपल्या बुटांकडे बघत होते.

नंतर त्यांच्या खोलीत दार लावून ते बोलले. पहिल्याच आठवड्यात सगळी मुलं नापास होत होती. पालक येऊन विचारायला लागले होते, की आणलेली यंत्रं मुलांना जमतच नसतील तर आणली कशाला. "मीच म्हटलं, सुरुवातीला गाल बंद ठेवा. नंतर चालू करायचं राहून गेलं."

"राहून गेलं की ठेवलं?"

"मॅडम, तुम्ही मला विद्यार्थी असल्यापासून ओळखता."

"म्हणूनच विचारतेय," आत्या म्हणाली.

थेट पेशंटकडे पाठवायचा बेत त्याच आठवड्यात बारगळला. घरी चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आतोबांनी म्हणून बघितलं, आणि आत्यानं चक्क मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीच्या माणसाला चहा पाजला. माफी मागितली नाही, चहाच पाजला. त्यानं कपाकडे जरा संशयानंच बघितलं, म्हणतात.

गाल चालू झाले आणि फळा कोसळला. नव्वदवाले पन्नासवर आले. मुलं आत्याकडे डोळे वटारून बघायची. ती दिसली की जिन्यातलं बोलणं थांबायचं. कासव तर पार तळाला गेलं, आणि आत्या समोरून आली की ती रस्ता बदलायची. एके दिवशी जिराफ आत्याच्या खोलीशी येऊन घुटमळला.

"मॅडम, ती कॉलेज सोडायचं म्हणतेय."

"तिनं पाठवलं तुला?" आत्यानं विचारलं. "मला दया यावी म्हणून?"

"नाही. तिला कळलं तर ती माझ्याशी बोलणं सोडेल." आणि तो लांब ढांगा टाकत निघून गेला.

दुपारच्या सुट्टीत आत्या दालनात गेली. मुलगी एकटीच यंत्रापुढे होती. पडद्यावर दाढ यायची, अंधार व्हायचा, पुन्हा दाढ, पुन्हा अंधार. आत्या बाजूला बसली. मुलीला चाहूल लागली, पण तिनं गॉगल काढला नाही.

"मुंडक्यावर का करत नाहीस?"

"तिथे तुम्ही असता."

"आणि इथे?"

"इथे चुकलं तर दात परत येतो. आणि यंत्र ओरडत नाही. दात वर धरून कुणाला दाखवत नाही."

उत्तर नसलं की आत्या काम काढते. "ते दे इकडे. आरसा कसा धरायचा ते बघ." तिनं गॉगल चढवला, आणि मुलीनं पडद्यावर बघितलं. आरसा दातापासून किती लांब, कुठला कोन, बोट शेजारच्या दातावर कसं टेकवायचं, सगळं तिनं दाखवलं. शेवटी यंत्रानं पुन्हा तेच सांगितलं, 'दाब जास्त.'

"या यंत्रानं माझ्यावर डूख धरलाय," आत्या म्हणाली.

मुलगी चाचरली. "मॅडम, रागावणार नसाल तर... तुम्ही खरंच दाबता. बोटाची नखं पांढरी होतात तुमची."

आत्या रागावली. भरपूर रागावली. पण रागापेक्षा संशय मोठा. घरी आल्याबरोबर तिनं स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर घेतला, पेन्सिल ड्रिलसारखी धरली आणि दाबली. आतोबांना काटा वाचायला लावला. त्यांनी सांगितलेला आकडा ती मुलांना शिकवते त्याच्या दुपटीपेक्षा जास्त होता.

"काटा खोटा आहे," ती म्हणाली. साखरेचा न फोडलेला पुडा ठेवून बघितला. काटा खरा होता. मग तिनं पुन्हा पेन्सिल धरली. पुन्हा तेच. हात कधी जड झाला, कुठल्या वर्षी, तिला सांगता येईना. तिच्या हाताला कुणी गुण देत नव्हतं, आणि या एका गोष्टीवर तिनं कधी संशयच घेतला नव्हता.

"पुडा वजनात कमी निघाला असता तर बरं झालं असतं," आतोबा म्हणाले, आणि त्यांनी चहा टाकला.

त्यानंतर दोघींनी एक ठराव केला. सकाळी मुलीनं यंत्रावर आरशातून काम करायचं, गाल चालू ठेवून. दुपारी तेच काम मुंडक्यावर, आणि आत्यानं मागे उभं राहायचं, पण तोंड उघडायचं नाही. हे दुसरं कलम पाळणं आत्याला फार जड गेलं. ती ओठ आवळून उभी राहायची, हात पाठीमागे बांधून. दात कोरताना चूक झाली की मुलीनं स्वतः थांबून सांगायचं, काय चुकलं ते. कधी कधी ती चुकीचं कारण सांगायची, आणि तरीही आत्याला गप्प बसावं लागायचं. मुलगी जादू झाल्यासारखी हुशार झाली नाही. कड वाकडी यायची, एकदा आरसाच जबड्यात अडकला. पण शेजारचा दात खरवडणं थांबलं. आत्याही यंत्रावर रोज थोडी बसायची, दार लावून. तिचे गुण किती, ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या वर्षी कासव खालच्या मजल्यावर गेलं, खऱ्या पेशंटकडे. पहिला पेशंट आला तो बस चालवणारा, पोट सुटलेला, गप्पिष्ट माणूस. वरची शेवटची दाढ किडलेली. आत्या त्या दिवशी तिथे नसती तरी चाललं असतं, देखरेखीला दुसरे शिक्षक होते. पण ती त्यांच्या जागी येऊन उभी राहिली. मुंडकी थुंकत नाहीत, यंत्रातला पेशंट जीभ मध्ये घालत नाही, आणि या मुलीनं खरं ओलं तोंड अजून बघितलेलं नाही, हे तिच्या डोक्यात घोळत होतं. आदल्या दिवशी तिनं पेशंटचा एक्स-रे दोनदा मागवून बघितला होता, फोटो त्याच माणसाचा आहे ना म्हणून.

मुलीनं सुई दिली, जबडा बधिर झाला. आरसा आत गेला आणि लगेच श्वासानं धुरकटला. मुलगी थांबली. आत्यानं हात पाठीमागे बांधले.

"नाकानं श्वास घ्या काका," मुलगी म्हणाली. आरसा पुसला, पुन्हा आत घातला. पुन्हा थांबली. जीभ आडवी आली होती.

पेशंटला ते थांबणं जाणवलं असावं. हातानं थांब अशी खूण करून त्यानं तोंड मिटलं आणि बधिर ओठांतून जमेल तसं म्हणाला, "घाई नको गं पोरी. आम्हीपण आरशात बघूनच गाडी मागे घेतो. पहिल्या वर्षी दोन खांब पाडले मी."

आत्यानं डोळे मिटले. मुलगी मात्र हसली, चक्क दात दिसतील इतकी. "माझे पाडून झालेत काका," ती म्हणाली. "उघडा."

ड्रिल सुरू झालं. आत्या पुढे सरकली, आणखी थोडी पुढे सरकली. मुलीनं मान सरळ ठेवली होती, नजर आरशात होती. थोड्या वेळानं मागे न बघताच ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही जरा मागे उभ्या राहाल? दिव्याच्या आड येताय."

आत्या मागे सरकली. कीड निघाली असं मुलीला वाटलं तेव्हा ती थांबली, टोकदार सळईनं कडा चाचपल्या, आणि पुन्हा थोडी कीड काढली. आत्यानं सांगितलं नव्हतं. मग दाढ भरली. पेशंटनं दात दाबून बघितले, म्हणाला, "जरा उंच वाटतंय." मुलीनं घासून कमी केलं. त्यानं पुन्हा दाबलं, जबडा इकडे तिकडे फिरवला. "आता आपलाच वाटतोय."

मुलगी बाजूला झाली. आता आत्याची पाळी. ती स्टुलावर बसली, आरसा आत घातला आणि बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. बस चालवणाऱ्याचं तोंड दुखायला लागलं, तो हातानं 'अजून किती' असं विचारायला लागला. आत्यानं आरसा काढला, पुसला, पुन्हा घातला, दुसऱ्या बाजूनं बघितलं. शेजारच्या दातावर ओरखडा आहे का, ते शोधलं. नव्हता. भरलेल्या भागाच्या कडेवर सळई फिरवली. कुठे अडकली नाही.

"काही चुकलंय का मॅडम?" मुलीनं विचारलं.

"तेच शोधतेय," आत्या म्हणाली. मग उठली आणि पेशंटला म्हणाली, "संध्याकाळपर्यंत या बाजूनं चावू नका. आणि बधिरपणा जाईपर्यंत गाडी चालवू नका."

"का? दातानं चालवतो की काय मी?" तो म्हणाला, आणि वाकड्या ओठांनी हसत गाल चोळत निघून गेला.

मुलगी अजून उभीच होती, हातमोजे न काढता. आत्यानं तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"पुढचा पेशंट बाहेर बसलाय," ती म्हणाली. "बोलाव त्याला."